राहिलेल्या गायी

आमच्या घरात सवत आली ती पुण्याहून, खोक्यात बसून. काळी, तळहाताएवढी, वर झाकण, आत रबराची बारीक बटणं आणि करड्या रंगाची काच. दुकानदाराने तिला डिजिटल डायरी म्हटलं होतं. आमचे हे नुसतं डायरी म्हणायचे आणि मी सवत म्हणायचे. जेवताना मांडीवर ती, झोपताना उशाशी ती. एकदा मी चिडून म्हणाले, "आता भाकरी थापायलाही तिलाच सांगा." तर हे अगदी गंभीर तोंड करून म्हणाले, "तेवढं एक तिला येत नाही."

ह्यांचं काम गायी भरायचं. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे, पण ते डॉक्टर नव्हते आणि सरकारी नोकरीतही नव्हते. कृत्रिम रेतनाचं शिक्षण घेतलेलं, मोटरसायकलच्या मागे रेत गोठवून ठेवायचा नत्राचा डबा बांधलेला, आणि वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या बऱ्याच वाड्यावस्त्या ह्यांच्या भरवशावर. आम्ही किकवीला राहायचो. हे सकाळी निघायचे, चेलाडी फाट्यावरून नसरापूर, तिथून वेल्ह्याकडे, आणि रस्ता संपला की गाडी झाडाखाली लावून चालत वर. डब्याचं झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवरून पसरायची आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या मागे सरकायच्या. ते सांगताना ह्यांना फार हसू यायचं.

गाय भरली की हे तिथेच गोठ्यात उभे राहून डायरी उघडत. नऊ महिने आणि वर काही दिवस पुढे जाऊन तारीख काढत, आणि तिच्या आठवडाभर अलीकडे घंटा लावून ठेवत. त्याला कारण होतं. वरच्या वाड्यांत गुरं दिवसभर रानात असतात. दिवस भरलेली गाय रानातच व्याली तर वासरू बिबट्याचं झालंच म्हणून समजायचं. म्हणून घंटा वाजली की हे वेल्ह्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप द्यायचे, की अमक्या वाडीला सांगा, गाय आता सोडू नका, घरी बांधा. त्या डोंगरात तेव्हा मोबाईलचा पत्ता नव्हता. कंडक्टर हाच मोबाईल.

मालकाचं नाव ह्यांनी कधी त्यात घातलं नाही. गाय आठवली की ह्यांना माणूस आपोआप आठवायचा. वाडी, गायीचा रंग, शिंगांची ठेवण, पहिलारू म्हणजे पहिल्या वेताची असेल तर तसं, एवढंच. तेही इंग्रजी अक्षरांत मराठी. मी कधी डोकावले तर मला त्यातलं निम्मं लागायचं नाही.

आम्हाला मूल नव्हतं. सगळ्या तालुक्याच्या गायी गाभण करणाऱ्याच्या घरी पाळणा नाही, यावर गावातल्या बायका काय बोलत असतील ते वेगळं सांगायला नको. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांनी मात्र कधी एका शब्दाने तो विषय काढला नाही. एकदा नळावर एकीने माझ्यादेखत तोंड सोडलं, तर आत्याबाईंनी तिची भरलेली कळशी उचलून तिच्याच पायावर रिकामी केली आणि मला घेऊन घरी आल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी भांडायची ती जरा बेतानेच.

हे गेले ते हायवेवर, घरापासून हाकेच्या अंतरावर, गाडी वळवताना. त्यापुढचं मी लिहिणार नाही. दवाखान्यातून घड्याळ आलं ते फुटलेलं आणि बॅग आली ती धड. बॅग कुणीतरी खुंटीला अडकवली. तिच्याकडे पाहायची मला हिंमत नव्हती.

सावडण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडून रडून सगळ्या थकल्या होत्या, आणि एकदम खुंटीवरून आवाज आला. टिटिट्, टिटिट्. गायीची तारीख जवळ आली की सकाळी पहिल्या एसटीच्या आधी यायचा तोच. तो आवाज आला की हे नेहमी न्हाणीतून ओरडायचे, "बंद कर गं तेवढं!" मी न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. घरातल्या सगळ्यांनी पाहिलं. कुणी ओरडलं नाही आणि घंटा वाजत राहिली.

ह्यांची मावशी म्हणाली, "काढून टाका त्ये. इपरीत हाय." आत्याबाई इतके दिवस एका जागी बसून होत्या. पाणी पाजलं तर प्यायच्या, नाहीतर नाही. त्या उठल्या, बॅगेतून डायरी काढली आणि माझ्या हातात दिली.

"काय म्हंतोय त्यो, बग."

मी झाकण उघडलं. डोळ्यांत पाणी, अक्षरं धड दिसेनात. "आत्याबाई, गाय हाय. तांबडी, पहिलारू. डाव्या शिंगाला मोडकी." आणि पुढे वाडीचं नाव.

"मंग सांगाया नगं का त्यास्नी?"

सुतकात कुठे जाता म्हणून सगळ्यांनी धरून ठेवलं. आत्याबाईंनी कुणाचं ऐकलं नाही, पण एसटीत पाऊल टाकलं नाही. नेसत्या लुगड्यानिशी चालत चेलाडी फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि वेल्ह्याच्या कंडक्टरला बाहेरूनच निरोप सांगितला. मोडक्या शिंगाची तांबडी कुणाची असेल त्यानं ती घरी बांधावी. कंडक्टरने म्हणे टोपी काढली. त्याला बातमी कळलेली होती. निरोप कुणाचा आहे हे त्याने विचारलं नाही.

त्या संध्याकाळी आत्याबाई अर्धी भाकरी जेवल्या.

दहावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले. माझा भाऊ मला न्यायला आला होता. मी त्याला म्हणाले, पुढच्या महिन्यात येते. तसं मी दर महिन्याला म्हणत राहिले. घरात आम्ही दोघी उरलो आणि तिसरी ती. दर थोड्या दिवसांनी सकाळी ती वाजायची. मला ती फोडून टाकावीशी वाटायची, आणि ती वाजली नाही अशी सकाळ गेली की दिवसभर कशातच लक्ष लागायचं नाही. मेलेल्या माणसाने आपल्याला हाक मारावी असं वाटतं, पण त्याने रोजच्या आवाजात गायीबद्दल सांगावं हे सहन होत नाही. आणि आत्याबाई तर त्याच हाकेवर जगत होत्या. सुतक फिटल्यावर त्या कंडक्टरवरही भरवसा ठेवीनात. घंटा झाली की मी वाचून दाखवायचं, त्यांनी फडक्यात भाकरी बांधायची आणि स्वतः निघायचं. वाडीत पोचून दारोदार विचारायचं, पांढऱ्या ठिपक्याची कुणाची? वाकड्या शिंगाची कुणाची? लोक हातातलं काम टाकून त्यांना गोठ्यात घेऊन जायचे. तिथे त्या गायीच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आल्या की मला सगळं सांगायच्या, कुणाच्या अंगणात काय वाळत घातलंय इथपर्यंत. मूळच्या अबोल बाई त्या. मुलगा गेल्यावर बोलक्या झाल्या.

मग चीक यायला लागला. खोऱ्यात रीत अशी की गाय व्याली की पहिल्या धारांचा चीक डॉक्टरच्या घरी जातो. हे होते तोवर तो किटलीसकट परत पाठवायचे. पहिला चीक वासराच्या पोटात गेलाच पाहिजे, नाहीतर ते तगत नाही, असं सांगून सांगून ह्यांचा घसा बसला होता. आता परत पाठवणारं कुणी नव्हतं. लोकांनी प्रेमापोटी एसटीतून किटल्या धाडल्या. पहिली किटली आली तेव्हा मला रडू कोसळलं. आत्याबाईंनी झाकण उघडलं, पिवळाधमक दाट चीक पाहिला, झाकण लावलं आणि परतीच्या गाडीची वाट बघत किटली घेऊन फाट्यावर बसल्या. कंडक्टरला म्हणाल्या, "वासराला पाजाया सांग. माजा ल्योक घेत न्हवता."

हे असं कितीतरी दिवस चाललं. आणि एके सकाळी डायरी वाजली ती कण्हल्यासारखी. काच फिकट झाली होती, अक्षरं वाचायला उजेडात तिरपी धरावी लागत होती. सेल संपत आले होते. किकवीतला घड्याळवाला म्हणाला, "सेल बदलीन ताई, पण आतली सगळी मेमरी उडाली तर मला बोल लावू नका. आतला छोटा सेलही गेलेला दिसतोय. मोठे काढले की ही कोरी." शिवाय तिची बरीचशी बटणं ह्यांच्या अंगठ्याने झिजून मेली होती. म्हणजे एकदा उडालं की हाताने पुन्हा भरायचीही सोय नाही. मी ती त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

घरी येऊन डायरीचं खोकं शोधलं. हे कुठलंही खोकं टाकत नसत. त्यात एक वायर होती, गुंडाळलेली, रबरबँडसकट, आणि एक सीडी. डायरी कॉम्प्युटरला जोडायची वायर. हे म्हणायचे, एकदा सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो. ते राहिलं. ह्यांचं बरंच काही राहिलं.

भोरला कॉम्प्युटरचा क्लास होता, स्टँडपासून जवळच, वरच्या मजल्यावर. तिथल्या बाई माझ्याच वयाच्या. मी फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, "अशी वस्तू मी कधी जोडली नाही, पण या. लाईट दुपारी जाते, त्याआधी या." आत्याबाई म्हणाल्या, मी पण येनार. त्यांना म्हटलं, तुम्ही कशाला दगदग करता? त्या म्हणाल्या, "माज्या लेकाला तू येकलीच न्हेनार व्हय?" मग मी दोघींची तिकिटं काढली. एसटीत त्यांनी डायरी पदरात गुंडाळून मांडीवर धरली होती. समोरच्या बाईने विचारलं, पिल्लू आहे का हो कशाचं?

क्लासमध्ये मुलं टायपिंग करत होती. बाईंनी आम्हाला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी बसवलं. वायरीचं एक तोंड डायरीत गेलं, दुसरं कॉम्प्युटरच्या मागे. सीडी फिरली. मग पडद्यावर एक चौकट आली. बाई म्हणाल्या, "म्हणतंय, समोर काही सापडत नाही." वायर काढून पुन्हा घातली. सापडत नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सापडत नाही. दर वेळी ती चौकट यायची आणि बाई ते वाचून दाखवायच्या. शेवटी मी म्हणाले, "वाचू नका हो तेवढं. दिसतंय मला."

आत्याबाई डायरीकडे वाकून बघत होत्या. काच जवळजवळ कोरी झाली होती. त्या हळूच म्हणाल्या, "येक डाव दम धर रं. जरा दम धर."

बाईंनी पुस्तिका चाळली, दोन्हीकडचा वेग सारखा असावा लागतो म्हणाल्या, कुठलीशी संख्या बदलली. पुन्हा माऊस दाबला. यावेळी चौकट आली नाही. एक निळी पट्टी सरकायला लागली आणि मग पडद्यावर ओळी पडू लागल्या, एकीखाली एक. वाडी, रंग, शिंग. तांबडी, बांडी, काळी, कपिला. डायरीच्या काचेवर मी एका वेळी एक गाय पाहिली होती. इथे ह्यांनी भरलेल्या सगळ्या गायी एकाच वेळी खाली उतरत होत्या, जुन्यापासून नव्यापर्यंत, ह्यांच्या त्या तुटक बोलण्यात. मला वाटलं, हे पाठीमागे उभे आहेत आणि मोठ्याने वाचतायत. मी मान वळवली नाही. मला खरोखर भीती वाटली.

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस कोकलायला लागला, मुलं ओरडली. बाईंनी घाईघाईने सगळं जतन केलं, आणि कॉम्प्युटर बंद पडायच्या आत "आलं, आलं सगळं" म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. डायरीची काच मात्र तेव्हाच गेली. आता ती नुसती काळी डबी होती.

लाईट येईपर्यंत आम्ही जिन्यात बसून राहिलो. मग बाईंनी नवे सेल घातले. डायरी उघडली तर आत काहीच नाही. एकही गाय नाही. तारीखसुद्धा कुठली तरी भलतीच. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, पण कोरी काच त्यांना समजली. त्यांनी माझा दंड धरला तो अजून आठवतो. बाईंनी पुन्हा वायर जोडली, आणि आता कॉम्प्युटरमधून डायरीत उलटं भरायला घेतलं. पट्टी सरकली. गायी परत आल्या.

आत्याबाईंनी डायरी उचलून कानाशी धरली. "ह्ये त्येच हाय का?"

"त्येच की."

"न्हाई, म्हंजी त्यानं घातल्यालं त्येच हाय का ह्ये? का ह्या पेटीनं घातलं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "त्यांनीच घातलेलं. वायरीतून जाऊन आलं एवढंच."

"वायरीतनं जातंय व्हय," आत्याबाई म्हणाल्या आणि वायरीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "आता किती ऱ्हायल्यात?"

पडद्यावर मी आधीच पाहिलं होतं. थोड्याच राहिल्या होत्या, आणि शेवटची होती ती हे गेले त्या सकाळी भरलेली. त्यापुढे पडदा पांढरा. मी खरं ते सांगितलं. आत्याबाईंनी मान हलवली. परतताना एसटीत म्हणाल्या, "ती शेवटची व्याली की मी सुटले." त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा किकवी आली होती.

पुढच्या घंटा मी नको नको म्हणत ऐकल्या. एकेक गाय कमी होत होती आणि आत्याबाई घर आवरत होत्या. आपली चार लुगडी घडी करून ठेवली, एक चांगलं वेगळं काढलं. कुणाला काय द्यायचं ते मला सांगून ठेवलं. मी चिडायचे, तोंडाला येईल ते बोलायचे. त्या हसायच्या. शेवटची घंटा झाली तेव्हा त्या वर जाऊन आल्या. ज्याची गाय होती त्याने सांगितलं, डॉक्टर त्या दिवशी गडबडीत होते, चहाही अर्धाच प्याले, म्हणाले घरी लवकर जायचंय. आत्याबाईंनी मला तेवढं सांगितलं, पाय धुतले, भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. ताप नाही, खोकला नाही. नसरापूरच्या डॉक्टरांनी तपासलं, काही दुखणं नाही म्हणाले. भाकरी पुढे केली की म्हणायच्या, "आता कशापायी?" त्यांनी हाय खाल्ली होती, आणि मला एकटीने त्या घरात राहायची भीती वाटत होती. ह्यांच्या बॅगेसोबत, त्या मुक्या डायरीसोबत. माझ्याशी बोलायला जगात आता तेवढी एकच बाई होती आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मी शेजारणीला घरात बसवलं, डायरी आणि वायर पिशवीत घातली आणि भोरला गेले. क्लासच्या बाईंनी ओळखलं. "आता काय राहिलं?"

"गायी राहिल्यात थोड्या," मी म्हणाले.

बाईंनी कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर ह्यांची शेवटची गाय होती, तिच्याखाली मी टाइप करायला लागले. ह्यांच्यासारखंच, आधी वाडी, मग रंग, मग शिंग. काळी, शिंगं मागे वळलेली, पहिलारू. वाडीचं नाव मी वरच्या जुन्या ओळींतून उचललं. त्या खोऱ्यात मी स्वतः कधी गेले नव्हते, मला सगळ्या वाड्या सारख्याच. एवढीच काळजी घेतली की जिथे आत्याबाई अजून गेल्या नव्हत्या अशी निवडली, म्हणजे तिथे विचारपूस करण्यात त्यांचा दिवस जाईल. काळी गाय कुठल्याही वाडीत असतेच, असा माझा हिशोब. पट्टी सरकली, माझी गाय ह्यांच्या गायींमागे डायरीत जाऊन उभी राहिली. मला त्याचं काही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

ती वाजली त्या सकाळी मी चुलीपाशी होते. घंटा मीच लावलेली, दिवसही मीच ठरवलेला, आणि तरी मी न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. झाकण उघडलं तर ओळ हुबेहूब ह्यांची. क्षणभर मला वाटलं, ही मी नाही घातली, हे ह्यांनीच घातलंय आणि माझ्याकडून फक्त घालून घेतलंय. आत्याबाईंनी भिंतीकडून तोंड वळवलं.

"काय म्हंतोय?"

मी वाचून दाखवलं. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "भाकरी बांध."

दुपारी दुधाचा टेम्पो आमच्या दारी थांबला. टेम्पोवाला वेल्ह्याच्या रस्त्यावरचाच. हाक मारून म्हणाला, "वहिनी, आत्याबाई कुठं निघाल्या होत्या ओ? त्या वाडीत आता कोन ऱ्हातंय? गेल्या पावसाळ्यात डोंगराला भेगा गेल्या, समदी मानसं गुरं घिऊन खाली रस्त्याला पत्र्याच्या शेडात आल्यात. लोकांनी सांगितलं त्यास्नी, वर चिटपाखरू न्हाई. ऐकना झाल्या. गेल्या चढून."

टेम्पो गेला तरी मी दारातच उभी राहिले. मला वाडीही धड निवडता आली नव्हती. डोळ्यांसमोर येत होतं ते एवढंच: मोकळी घरं, दारांना कड्या घातलेल्या, रिकाम्या दावणी, आणि त्यांतून एक म्हातारी बाई विचारत फिरतेय, काळी कुणाची, काळी कुणाची. पुढचं मनात आणवेना. मीच त्यांना मरायला पाठवलं असं वाटलं. मागोमाग जावं तर गाडी नव्हती. मी फाट्यावर जाऊन बसले. वेल्ह्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला उठून उभी राहायची. लोक विचारायचे, कुणाची वाट बघताय, आणि मी वेल्ह्याच्या रस्त्याकडे बोट करायचे.

दिवस मावळायला आत्याबाई उतरल्या. लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली, ढोपराला खरचटलेलं, चेहरा उन्हाने रापलेला. मी हात धरायला गेले तर म्हणाल्या, "मी काय लंगडी हाय व्हय?" घरी येऊन त्यांनी पाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि पाटावर बसल्या. "वाड," म्हणाल्या.

मी ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली. कितीतरी दिवसांनी त्या आपल्या हाताने जेवत होत्या. मला राहवेना.

"सापडली का गाय?"

"सापडली की."

"वाडीत?"

"वाडीतच. लई गुनाची. कवाच व्याली म्हनं. कालवड झालीया, कपाळावर पांढरा चांद. मी बगून आले."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. दुसरी भाकरी मागितली, मी दिली.

"आन् पुढली कवा वाजनार?" त्यांनी विचारलं.

"आठवड्यानं," मी म्हणाले.

आत्याबाईंनी घास गिळला, तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"मंग जरा जवळची घाल, पोरी," त्या म्हणाल्या. "डोंगूर झेपत न्हाई आता मला."